सरपंचबाईंवरचा शेवटचा आरोप

माझी बायको आमच्या गावची सरपंच आहे. तिच्याविरुद्ध अविश्वास ठराव आला, तेव्हा त्यातले आरोप मी लिहून दिले होते. गावात आता हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते इथे सांगण्यात धाडस काही नाही. गावाला ठाऊक नाही ते एवढंच, की मी असं का केलं. लोक समजतात, उपसरपंचाने मला फितवलं. माझी बहीणसुद्धा तेच म्हणते आणि त्या आधाराने मला माफ करते. पण मला कोणी फितवलं नव्हतं. मला माझ्या बायकोचा हेवा वाटत होता. एकाच घरात, एकाच ताटवाटीत जेवणाऱ्या माणसाचा इतका हेवा वाटू शकतो हे मला आधी कोणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

आमचं गाव आरमोरीहून जंगलाच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रस्त्यालगत आमची कुणब्यांची घरं, त्यामागे बौद्ध वस्ती, आणि नाल्यापलीकडे गोंडांची वाडी, म्हणजे टोला. सगळ्यांचं पोट धानावर आणि उन्हाळ्यात जंगलावर. मी धान लावतो. आरमोरीच्या कॉलेजात बी.ए. केलं, त्याचा उपयोग एवढाच झाला की गावातला कुठलाही अर्ज माझ्याकडे येतो. घरकुलाचा, वारस नोंदीचा, मीटर जळाल्याचा. माझ्या अर्जाला उत्तर येतं अशी ख्याती आहे, आणि तिचा मला अभिमान होता. दोन वेळा मी ग्रामपंचायतीत सदस्य होतो. तिसऱ्या वेळी सरपंच व्हायचं मनात पक्कं होतं. पण सोडतीत सरपंचपद महिलेसाठी निघालं.

"मंग का झालं?" मित्र म्हणाले. "वहिनीले उभं करा. सही त्यायची, खुर्ची तुमची."

मला ते पटलं. प्रचारात भाषणं मी केली. ती हात जोडून उभी राहायची. निवडून आली त्या दिवशी गुलाल माझ्या डोक्यावर जास्त पडला होता, आणि ते कोणालाही विचित्र वाटलं नव्हतं. मलाही नाही, तिलाही नाही.

पहिले काही महिने ठरल्यासारखे गेले. कार्यालयात तिच्या खुर्चीला लागून माझी खुर्ची. ग्रामसेवक कागद माझ्यापुढे सरकवायचा, मी वाचायचो, मग कागद तिच्याकडे जायचा. ती माझ्याकडे बघायची आणि सही करायची. ती दहावी पास. सही करताना आधी अक्षरं सुटी सुटी काढायची. मग ती कागद स्वतः वाचायला लागली. मी वाचलेला कागद पुन्हा वाचायची आणि मधेच थांबून ग्रामसेवकाला विचारायची, "हे कोनतं कलम हाये जी?" मला त्याचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं, सुरुवातीला.

पंचायत समितीचा अधिकारी आला होता तो दिवस मला आठवतो. पाण्याच्या टाकीवरून मी त्याला काही समजावून सांगत होतो. माझं वाक्य अर्धं झालं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, सरपंच मी आहो. यायले बोलाचं असन तं ग्रामसभेत बोलतीन."

आवाजात राग नव्हता. पोराला दारातून बाजूला हो म्हणावं तशी म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून मी कार्यालयात जाणं बंद केलं. मला वाटलं, ती विचारेल. आठवडा गेला, तिने विचारलं नाही. तिला कामात कळलंच नव्हतं की माझी खुर्ची रिकामी आहे. अधिकाऱ्यासमोर झालेल्या अपमानापेक्षा ते मला जास्त लागलं.

त्यानंतर माझे कान आणि डोळे एकाच कामाला लागले. घरात फोन वाजला की तो तिचा असायचा. दारात कोणी आलं की "बाई आहेत का?" मी नाहीत म्हटलं की तो माणूस मागे वळायचा. ज्याच्या घरकुलासाठी मी कितीदा अर्ज लिहून दिला होता, तो मला 'बसतो थोडा' असंही म्हणायचा नाही. मी तिचं चालणं बघायचो. ती आता अंगणातून जाताना पदर खोचून भराभर चालायची, जणू प्रत्येक ठिकाणी तिची वाट बघत आहेत. आणि खरोखरच बघत असायचे. माझी वाट कोणी बघत नव्हतं.

आणि ग्रामसेवक. भंडाऱ्याकडचा तरुण पोरगा, बारीक, बोलण्यात गमत्या. त्याच्या कुठल्यातरी गोष्टीवर ती कार्यालयात मोठ्याने हसलेली मी रस्त्यावरून ऐकली. ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं. मला तिच्यावर संशय नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. संशय असता तर निदान मी दुखावलेला नवरा ठरलो असतो. मला फक्त हे सहन होत नव्हतं की ते हसणं तिच्यापाशी होतं आणि इतकी वर्षं मी ते काढू शकलो नव्हतो.

एक गोष्ट मात्र माझी होती, पण मी ती मोजली नाही. रोज संध्याकाळी चुलीजवळ बसून ती दिवसभराचं सगळं मला सांगायची. कोण काय बोललं, कोणाची कशी जिरली, साहेबाने चहा कसा नाकारला आणि मग कसा मागून घेतला. नकला करून सांगायची. मी 'हूं' म्हणायचो आणि आतल्या आत जळायचो, की हे सगळं आज तिने पाहिलं, मी नाही.

भामरागडची गोष्टही तिने मला अशीच सांगितली. पावसाळ्यात ती आणि ग्रामसेवक एसटीने तिकडे गेले होते. तिथली एक ग्रामसभा आपला तेंदूपत्ता, म्हणजे विड्यांची पानं, स्वतःच विकते, ते कसं करतात हे बघायला. परत निघायच्या वेळी नदी पुलावरून वाहू लागली आणि रस्ता बंद झाला. पावसाळ्यात तिथे हे नेहमीचं आहे. ती रात्री अंगणवाडीच्या बाईकडे झोपली. ग्रामसेवक, एसटीचा ड्रायव्हर आणि कंडक्टर शाळेत. "कंडक्टर असा घोरे," ती हसत म्हणाली, "का ग्रामसेवक बिचारा रातभर व्हरांड्यात बेडकं मोजत बसला."

मी हसलो नाही. म्हणालो, "हे गावात सांगू नको. गडचिरोलीले तुया बहिणीकडं थांबली होती म्हन."

"कायले? मी का चोरी केली?"

"लोकायची तोंडं मालूम नाई का तुले?"

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "तुमाले बरं वाटत असन तं तसं सांगीन." आणि तिने गावात तसंच सांगितलं. तेवढ्या दिवसांत ती बोललेलं एकमेव खोटं माझ्यासाठी होतं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी बोअरवेलवरून बिनसलं. गावाला एक नवी बोअर मंजूर झाली होती. उपसरपंच माझा बालपणापासूनचा मित्र. त्याला ती देवळासमोर, म्हणजे त्याच्या घरापाशी हवी होती. तिने ग्रामसभा घेतली आणि बोअर नाल्यापलीकडच्या टोल्यात गेली, कारण तिथल्या बाया अजून नाल्यात झरा खोदून पाणी भरत होत्या. निर्णय बरोबर होता. मी सरपंच असतो तर कदाचित मित्राचं मन राखलं असतं, आणि तरीही लोकांनी मला चांगला सरपंच म्हटलं असतं.

त्या दिवसांत पानठेल्यावर सगळे मोबाईलवर एकच बातमी बघत होते. कुठल्याशा दूरच्या देशात तिथल्या राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालला होता. उंच छताची सभा, आरोप वाचणारा माणूस, आणि खाली मान घालून बसलेला तो एवढ्या मोठ्या देशाचा धनी.

"पाह्यलं?" उपसरपंच म्हणाला. "एवढ्या मोठ्या मानसाले खाली उतरवून राह्यले. आन् आपल्याच्यानं एक बाई नाई उतरत."

"तुयी वहिनी हाये ते," पानठेलेवाला म्हणाला.

"वहिनी घरी. पंचायतीत सरपंच." तो माझ्याकडे वळला. "खरं सांग बे राजा. निवडून कोनं आनलं तिले? भाषनं कोनाची होती? अन् आता तुले कोनी पुसते का?"

मी पान चघळत होतो.

"सदस्य माह्याकडं आहेत. फक्त लिहाले मानूस पायजे. आमी लिहिलं तं साहेब हसतीन."

मी म्हणालो, बघू. घरी येईपर्यंत पहिल्या आरोपाचं वाक्य डोक्यात तयार होतं.

ते लिहिताना मला आनंद झाला. हे कबूल करणं सगळ्यात कठीण आहे. किती दिवसांनी माझ्या हाताला वजनाचं काम आलं होतं. मासिक सभा वेळेवर न घेणे. सदस्यांना विश्वासात न घेणे. विकासकामांच्या जागा ठरवताना भेदभाव करणे. कार्यालयात अनियमित उपस्थिती. सदस्यांशी उद्धट वर्तन. प्रत्येकात खऱ्याचा थोडा अंश होता, तेवढाच की कोणाला ते साफ खोटं म्हणता येऊ नये. उपसरपंचाने वाचून तोंड वाकडं केलं. "भाषा चांगली हाये. पन याच्यात दम नाई."

तो एवढंच म्हणाला. भामरागडचं त्याला काहीच माहीत नव्हतं. ग्रामसेवक आणि मी सोडून गावात कोणाला माहीत नव्हतं. मी कागद परत ओढला आणि खाली लिहिलं: सरपंच ग्रामसेवकासोबत भामरागड येथे रात्रभर मुक्कामी राहिल्या व बहिणीकडे थांबल्याचे गावाला खोटे सांगितले; यामुळे पदाची प्रतिष्ठा मलिन झाली आहे. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. मी फक्त अंगणवाडीच्या बाईला वाक्यातून काढून टाकलं होतं.

उपसरपंचाने ते वाचलं. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "हे लिहाचं का?" त्यानेच विचारलं.

"लिहिलं न," मी म्हणालो.

ठराव कधी द्यायचा तेही मीच सुचवलं. नोटीस गेली की थोड्याच दिवसांत सभा लावावी लागते. मी म्हणालो, तेंदूच्या दिवसांत द्या. मे महिन्यात टोल्यातली सगळी माणसं उजाडायच्या आधी जंगलात जातात, उन्हं चढली की पानं घेऊन येतात, आणि दुपारभर घरात बसून पुडे बांधतात. पानं त्याच दिवशी बांधून संध्याकाळच्या आत फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागेवर, पोचवावी लागतात. दुपारी ग्रामसभेला कोण येणार? तिची माणसं घरी, आमची सभेत.

सदस्यांच्या सभेत आरोप वाचायची गरजच पडली नाही, हात आधीच ठरलेले होते. पण सरपंच लोकांनी थेट निवडलेला असल्यामुळे तेवढ्यावर भागत नव्हतं. विशेष ग्रामसभा व्हायची होती. तिथे अधिकारी आरोप वाचणार, सरपंच उत्तर देणार आणि मग गावाचं गुप्त मतदान.

आरोपांचा कागद तिच्या हाती आला नव्हता, सभांचे, बोअरचे असे काही आरोप तेवढे गावातून तिच्या कानावर आले होते. त्या मधल्या दिवसांत ती रोज संध्याकाळी मला विचारायची. "कोनं लिहिलं असन हो? भाषा तालुक्याची वाटते म्हने." किंवा, "मी का बोलू? तुमाले अनुभव हाये. तुमी सांगा." आणि मी सांगायचो. मी लिहिलेल्या आरोपांना काय उत्तर द्यावं हे मी तिला समजावून सांगत होतो, अगदी मन लावून. सभांचं असं सांग, बोअरचं तसं सांग. शेवटच्या आरोपाबद्दल मी काहीच बोललो नाही. मला आशा होती की तो वाचला जाईपर्यंत काहीतरी होईल. काय होईल हे मी ठरवलं नव्हतं.

सभा शाळेत होती. सुट्ट्यांमुळे शाळा रिकामी, मोठ्या वर्गात भिंती नसल्यासारखं ऊन आलेलं. सभा चालवणारे अधिकारी, नायब तहसीलदार, वेळेवर आले. आमची माणसं पुढे बसली होती. ती समोर एकटी, निळ्या लुगड्यात, हातात कागद नाही. उपसरपंच समाधानाने मागे वळून बघत होता. मागचा अर्धा वर्ग रिकामा.

मग नाल्याकडून बाया येताना दिसल्या. डोक्यावर तेंदूच्या पानांचे गठ्ठे, कमरेला लेकरं, मागे पुरुष. बौद्ध वस्तीतल्याही आल्या. त्या आत आल्या, गठ्ठे सोडले, पानं पुढ्यात पसरली आणि पुडे बांधायला बसल्या. वर्गात हिरव्या पानांचा तो कडसर वास भरला. मी लहानपणापासून पुडे बांधले आहेत. पानं घरातच बांधावी लागतात असं कुठे लिहिलेलं नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

"हे का झालं बे?" उपसरपंच माझ्या कानाशी म्हणाला. "सभा हाये का फळी?"

अधिकाऱ्याने एकेक आरोप वाचला. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून इतकी सपाट वाटली. पानांची सळसळ चालू होती, कोणी फारसं ऐकत नव्हतं. शेवटचा आरोप वाचला आणि सळसळ थांबली. ग्रामसेवक कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसला होता, त्याचे कान लाल झाले आणि पेन तसंच राहिलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. इतर कोणाकडेही पाहिलं नाही. थेट माझ्याकडे. तिला शोधायची गरज नव्हती, कारण तिने एकाच माणसाला सांगितलं होतं.

टोल्यातला गावपुजारी उठला. म्हातारा माणूस, गावाच्या देवाची पूजा त्याच्याकडे असते. "साहेब," तो म्हणाला, "हे कोनं पाह्यलं?"

"सदस्यांच्या सह्या आहेत यावर," अधिकारी म्हणाला.

"सही नाई पुसली जी. पाह्यलं कोनं? ज्यानं पाह्यलं त्यानं उभं राहून या बाईच्या तोंडावर सांगाव. आमच्या गावात असंच हाये."

ते खरं होतं. आमच्याकडे कोणाचा बैल कोणाच्या धानात शिरला असो, की कोणी दुसऱ्याच्या झाडाखालची मोहफुलं वेचली असो, तक्रार करणाऱ्याने सभेत उभं राहून त्या माणसाच्या तोंडावर बोलावं लागतं. आणि एकदा बोललं की दोघांनी एकाच चटईवर शेजारी शेजारी बसायचं, निकाल लागेपर्यंत. टोल्याची ही जुनी रीत, हळूहळू सगळ्या गावाची झाली. मी दोन वेळा सदस्य होतो, मला ती चांगली माहीत होती. पण कागदावर लिहिताना ती मला आठवली नाही. कागदावर लिहिलेल्या गोष्टीला तोंड लागत नाही, अशी माझी समजूत झाली होती.

"नियमात अशी तरतूद नाही," अधिकारी म्हणाला.

"मंग बसा तुमी बी," मागून एक म्हातारी म्हणाली. "आमचं तं काम चालूच हाये. सांजेलोक बसू." सगळे हसले, आणि अधिकाऱ्याने रुमालाने मान पुसली.

उपसरपंच उभा राहिला. "आमी ऐकलं हाये."

"कोनाकून?" पुजाऱ्याने विचारलं.

त्याने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तसाच खाली बसला. त्या दिवशी मला वाचवायचा प्रयत्न करणारा तो पहिला माणूस होता.

दुसरी ती होती. "कोनी नाई उठत तं मीच सांगीन," ती म्हणाली आणि पुढे आली. "हो. मी भामरागडले राह्यली. पूल पान्याखाली होता. अंगणवाडीच्या बाईकडं झोपली. ग्रामसेवक शाळेत होते, ड्रायव्हर-कंडक्टरसंग. गावात मी सांगतलं का बहिणीकडं होती. ते खोटं होतं. खोटं मी बोलली, त्याचं तुमाले जे करायचं ते करा."

कोणाच्या सांगण्यावरून बोलली, हे तिने सांगितलं नाही. तिने ते स्वतःवर घेतलं आणि तशीच उभी राहिली. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. टोल्यातल्या बाया, माझे मित्र, ज्यांनी तिच्याविरुद्ध हात वर केले होते ते सदस्यही. त्यांच्या डोळ्यांत मी पाहिलं, त्यांचा आदर वाढत होता. त्याच क्षणी, त्याच ठिकाणी, मला पुन्हा तोच हेवा वाटला.

मी उठलो. "ते मी लिहिलं," मी म्हणालो. "सगळे आरोप मीच लिहिले. भामरागडचं तिनं मले एकट्याले सांगतलं होतं. अन् बहिणीकडं होती म्हन, हे बी मीच म्हनलं होतं."

मी पश्चात्तापाने उठलो होतो का, हे मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे. पश्चात्ताप होता. पण सगळ्या नजरा तिच्यावरून माझ्यावर आल्या तेव्हा एक क्षणभर मला बरं वाटलं, तेही खरं आहे. कितीतरी महिन्यांनी गाव माझ्याकडे बघत होतं.

"वा रे भाऊ!" तीच म्हातारी म्हणाली. "घरचं भांडन कराले तहसीलदार बोलावला!"

हसण्याचा असा स्फोट झाला की रडणारी लेकरं गप्प झाली. अधिकारीही हसला. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. रडेल, किंवा शिव्या देईल. नवऱ्याला काय द्यायचं ते देईल. मी त्यासाठी तयार होतो, कदाचित त्याची वाटही बघत होतो.

ती अधिकाऱ्याकडे वळली. "साहेब, या गावकऱ्यानं जे सांगतलं ते लिहून घ्या. आता बोअरवेलच्या आरोपावर बोलू का?"

आणि ती बोलली. मी शिकवलेलं एकही वाक्य तिने वापरलं नाही. माझ्या वाक्यांपेक्षा साधं आणि जास्त बरोबर बोलली. दरम्यान कोणीतरी चटई आणली होती, पुजाऱ्याने ती अंथरली आणि मला बोट दाखवलं. मी बसलो. बोलून झाल्यावर तीही येऊन माझ्या शेजारी बसली, रीतीप्रमाणे. आमच्यामध्ये एक वीतभर जागा होती. एका बाईने तिच्यापुढे पानं सरकवली. ती पानं जुळवून, देठ एकीकडे करून, सालीच्या दोरीने पुडे बांधायला लागली. मीही एक मूठ पानं उचलली. तिने मला अडवलं नाही. दोरी मात्र दिली नाही. मी पानं हातात धरून बसून राहिलो. पानं कोमेजायला लागली तेव्हा खाली ठेवली.

मतदान झालं. वर्गाच्या कोपऱ्यात लुगडं बांधून आडोसा केला होता. माझी पाळी आली. शिक्का हातात घेऊन मी उभा राहिलो, आणि इतकं सगळं होऊनही माझा हात लगेच खाली गेला नाही. बाहेरून आवाज आला, "भाऊ, लवकर करा जी." मी तिच्या बाजूने शिक्का मारला. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिने विश्वास ठेवला नसता, आणि ठेवला असता तर तो हात थांबला होता हेही सांगावं लागलं असतं.

ठराव पडला. चांगलाच पडला. बायांनी पुडे गोळा केले आणि फळीकडे निघाल्या. जाताना प्रत्येकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी घर भरलं होतं. मी चहा ठेवला, कारण दुसरं करण्यासारखं काही मला नव्हतं. आतल्या खोलीत ती तिच्या गडचिरोलीच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. दिवसभराचं सगळं सांगत होती. अधिकारी मान कसा पुसत होता, म्हातारी काय म्हणाली, पुजारी कसा उठला. नकला करत होती. स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्याजवळ उभा राहून मी ऐकत होतो, आणि मला त्या बहिणीचा हेवा वाटला, जी ते सगळं कानाशी घेऊन ऐकत होती. एका जागी ती हसली. मी चहाचा कप घेऊन आत गेलो. ती थांबली. कप घेतला, फोन कानापासून दूर धरला आणि माझ्या जाण्याची वाट बघू लागली.

"मंग," मी म्हणालो, "सभा उठल्यावर का म्हने साहेब?" मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्याहून जास्त, तिने ते मला सांगावं असं वाटत होतं.

"तुमी तं तिथंच होते," ती म्हणाली. "ऐकलं असन."

मी दारापर्यंत गेलो, बाहेर गेलो, तेव्हा कुठे ती पुन्हा बोलू लागली. आवाज आता हळू होता, आणि शब्द कळत नव्हते.